सांगाडा आणि संदेशवहनातली सामाईक डोमेन्स: ओळखायची कशी, तपासायची कशी

पेशीच्या पटलाखाली जाळे विणणारे अल्फा-स्पेक्ट्रिन आणि वाढीचे संदेश पुढे पोहोचवणारे सार्क कायनेज (कायनेज म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट लावणारे विकर) यांचा कामाच्या बाबतीत एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही दोघांत सुमारे ६० अमिनो आम्लांचा एक तुकडा सारखाच घडी घातलेला सापडतो. स्वतंत्रपणे घडी घालणाऱ्या अशा तुकड्याला डोमेन म्हणतात; याचे नाव एसएच३. तसेच बीटा-स्पेक्ट्रिनमधले पीएच डोमेन एकेटी या कायनेजमध्येही आहे आणि एझ्रिनमधले एफईआरएम डोमेन फोकल अधेजन कायनेजमध्ये. एखाद्या अनोळखी प्रथिनात अशी डोमेन्स निघाली, तर ती खरी आहेत का, चालू आहेत का आणि कशाला चिकटतात, हे तपासण्याची कृती पुढे दिली आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. डोमेनचे नाव घडी सांगते, काम सांगत नाही. सीएच डोमेनचेच बघा. अल्फा-ॲक्टिनिन, फिलॅमिन, डिस्ट्रॉफिन आणि बीटा-स्पेक्ट्रिन यांत दोन सीएच डोमेन्स लागोपाठ येतात आणि ती जोडी ॲक्टिनला धरते. ईबी१ मध्ये सीएच एकच आहे आणि ते मायक्रोट्यूब्यूलला धरते. व्हॅव१ मध्येही एकच सीएच आहे. ते प्रथिनाला मिटलेल्या, निष्क्रिय अवस्थेत ठेवायला मदत करते. म्हणून ‘सीएच सापडले, म्हणजे ॲक्टिनला चिकटणार’ असे लिहून मोकळे होऊ नका.

क्रम निवडताना

युनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहातून अमिनो आम्लांचा क्रम घ्या आणि तीन गोष्टी वहीत नोंदवा: नोंदीचा क्रमांक, प्राण्याची जात आणि आयसोफॉर्म (एकाच जनुकाच्या प्रथिनाचा प्रकार). ही कारकुनी वाटते, पण पुढचे निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. सार्कवरचे बरेचसे जुने काम कोंबडीच्या प्रथिनावर झाले. त्यातली अंशांची (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाची) संख्या ५३३, माणसाच्या सार्कमध्ये ५३६. एसएच३ च्या आधीच तीन अंश जास्त असल्याने तिथून पुढचे सगळे आकडे तीनने सरकतात. कोंबडीचा टायरोसीन ५२७ म्हणजे माणसाचा ५३०, आर्जिनीन १७५ म्हणजे १७८, ट्रिप्टोफॅन ११८ म्हणजे १२१. शोधनिबंधातला आकडा तसाच उचलून प्रायमर मागवला, की भलताच अंश बदलतो, आणि सिक्वेन्सिंग मात्र ‘बरोबर’ येते.

आयसोफॉर्मचेही तसेच. चेतापेशींतल्या एन१-सार्कमध्ये एसएच३ च्या एका वळणात सहा अमिनो आम्ले जास्त असतात आणि तेवढ्याने त्याची जोडीदारांची निवड बदलते. तुमच्या पेशींत कोणता आयसोफॉर्म आहे ते आधी बघा.

शोध चालवणे आणि निकाल वाचणे

क्रम इंटरप्रोमध्ये टाका. पीफॅम, स्मार्ट आणि प्रोसाइट या डोमेन-संग्रहांचे निकाल तिथे एकाच चित्रात मिळतात. बरीच प्रथिने एकदम तपासायची असतील, तर एचएमएमस्कॅन आपल्या संगणकावर चालवा आणि पीफॅमने प्रत्येक कुटुंबासाठी ठरवलेला उंबरठा वापरा. सगळ्यांना एकच ई-व्हॅल्यू (असे निकाल निव्वळ योगायोगाने किती मिळतील तो आकडा) लावू नका. ई-व्हॅल्यू शोधलेल्या संग्रहाच्या आकारावर अवलंबून असते. तोच तुकडा लहान संग्रहात ‘चांगला’ आणि मोठ्यात ‘संशयास्पद’ ठरू शकतो.

निकालात दोन प्रकारच्या सीमा दिसतात: संरेखनाची आणि आवरणाची. आवरणाची सीमा थोडी रुंद असते. रचना करताना हीच पकडा, आणि तीही तशीच वापरू नका. कारण पुढे येते.

हमखास चकवणाऱ्या काही जागा:

एकच तुकडा एसएच३_१, एसएच३_२ आणि एसएच३_९ अशा तीन नावांनी दिसू शकतो. ही एकाच घराण्यातली मॉडेल्स आहेत. एकमेकांवर पडलेले निकाल एकदाच मोजा, नाहीतर एका एसएच३ ची तीन होतात.

स्पेक्ट्रिन रिपीट म्हणजे सुमारे १०६ अंशांचा तीन हेलिक्सचा जुडगा. सुटा रिपीट बऱ्याचदा उंबरठ्याखाली राहतो. मागेपुढे खात्रीचे रिपीट असतील आणि मधे साधारण १०६ अंशांची रिकामी जागा दिसत असेल, तर तिथे रिपीट आहे असे धरायला हरकत नाही. याच्या उलट, लांबलचक कॉइल्ड-कॉइल असलेले कोणतेही प्रथिन एकटादुकटा कमकुवत स्पेक्ट्रिन रिपीट दाखवते. तो बहुतेक वेळा खोटा असतो.

पीएच डोमेन मधोमध तुटलेलेही असते. फॉस्फोलिपेज सी-गॅमामध्ये एका पीएचच्या पोटात दोन एसएच२ (फॉस्फेट लागलेला टायरोसीन धरणारे डोमेन) आणि एक एसएच३ बसलेले आहे; अल्फा-सिंट्रोफिनमध्ये पीएचच्या पोटात पीडीझेड आहे. अशा वेळी दोन्ही अर्धे तुकडे स्वतंत्रपणे कमी गुण मिळवतात आणि यादीतून गळतात. एखाद्या डोमेनच्या दोन्ही बाजूंना अर्धवट निकाल दिसले, तर ते जोडून बघा.

पीएचमध्ये क्रमाचे साम्य मुळातच कमी असते. शंका असेल तर एचएचप्रेड चालवा, नाहीतर अल्फाफोल्डने वर्तवलेल्या रचनेचे मॉडेल घेऊन फोल्डसीक किंवा डालीमध्ये रचनेची तुलना करा. मात्र पीएचसारखी घडी पीटीबी, ईव्हीएच१ आणि एफईआरएमच्या तिसऱ्या पाळीतही आहे. त्यामुळे रचना जुळली तरी ‘पीएच-सदृश घडी’ एवढेच म्हणा.

मोक्याची अमिनो आम्ले बघा

शोधयंत्राने हिरवा पट्टा दाखवला, की बहुतेक जण इथेच थांबतात. खरे काम इथून पुढे आहे.

अल्फा-स्पेक्ट्रिन आणि सार्कची एसएच३ एकाखाली एक ठेवा. दोन्हींत सुरुवातीला ए-एल-वाय-डी-वाय (अमिनो आम्लांची एकाक्षरी नावे) हे पाच अंश जसेच्या तसे आहेत. मधे दोन्हींत डी-डब्ल्यू-डब्ल्यू आहे. त्यातला पहिला ट्रिप्टोफॅन प्रोलीनयुक्त पेप्टाइड धरणाऱ्या पृष्ठभागावर बसतो. शेवटाकडे स्पेक्ट्रिनमध्ये जी-एफ-व्ही-पी-ए-ए-वाय-व्ही आणि सार्कमध्ये जी-वाय-आय-पी-एस-एन-वाय-व्ही. प्रोलीन आणि त्यानंतर दोन अंश सोडून येणारा टायरोसीन दोघांत सारखा, कारण तेही त्याच पृष्ठभागाचे भाग आहेत. मधली वळणे मात्र वेगळी आहेत, आणि कोणता जोडीदार पकडायचा हे मुख्यतः तीच ठरवतात. तुमच्या प्रथिनात हा पहिला ट्रिप्टोफॅन, प्रोलीन आणि टायरोसीन शाबूत असतील, तर नेहमीच्या पद्धतीने प्रोलीन धरणारे एसएच३ असण्याची शक्यता चांगली. ते नसतील, तर घडी एसएच३ ची असली तरी काम दुसरे असू शकते.

एसएच२ ला सुमारे १०० अंश लागतात. त्यात एफ-एल-व्ही-आर या चौकडीतला आर्जिनीन शोधा. फॉस्फोटायरोसीनचा फॉस्फेट तोच धरतो. माणसाच्या सार्कमध्ये तो १७८ वर, जीआरबी२ मध्ये ८६ वर. टीवायके२ च्या एसएच२ मध्ये या जागी आर्जिनीनच नाही. ते डोमेन शेजारच्या एफईआरएमसोबत ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) धरायला वापरले जाते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही तऱ्हा. फॉस्फोटायरोसीनचा प्रयोग मांडण्याआधी हा एक अंश तपासला तर कित्येक आठवडे वाचतात.

पीडीझेडमध्ये जी-एल-जी-एफ किंवा त्याच्या जवळचा क्रम बघा. लिममध्ये जस्त धरणारे आठ सिस्टीन-हिस्टिडीन-ॲस्पार्टेट मोजा. प्रत्येक लिमला जस्ताचे दोन अणू लागतात. पीएचसाठी असा सोपा ठोकताळा नाही. पहिल्या दोन बीटा पट्ट्यांमधल्या वळणाजवळ लायसीन-आर्जिनीनचा घोळका असेल तर फॉस्फोइनोसिटाइड धरण्याची शक्यता वाढते, इतकेच. बहुसंख्य पीएच डोमेन्स या लिपिडांना घट्ट धरत नाहीत, हे विसरू नका.

कडा कुठे कापायच्या

वेगळे काढलेले डोमेन जीवाणूत विरघळले नाही, तर दोष बहुधा कडांचा असतो. पीफॅमचे एसएच३_१ मॉडेल सुमारे ४८ अंशांचे आहे आणि खरे डोमेन सुमारे ६० चे. मॉडेल ए-एल-वाय-डी-वाय जवळ सुरू होते आणि शेवटच्या प्रोलीनच्या आसपास संपते. म्हणजे त्यापुढचा टायरोसीन आणि शेवटचा बीटा पट्टा बाहेर राहतो. तेवढाच तुकडा क्लोन केला, तर कडेचा पट्टा नाही, घडी अर्धवट, आणि सगळे प्रथिन इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यात. युनिप्रॉटमध्ये माणसाच्या सार्कचे एसएच३ ८४ ते १४५ आणि एसएच२ १५१ ते २४८ दिले आहे. सुरुवात अशा रुंद सीमांपासून करा.

मग अल्फाफोल्डचे मॉडेल उघडा. ज्या अंशांचा पीएलडीडीटी (मॉडेलला त्या जागेची किती खात्री आहे ते गुण, १०० पैकी) ७० च्या वर आहे आणि जे घडीचा भाग दिसतात, ते सगळे आत घ्या. दोन्ही बाजूंना आणखी ३ ते ५ अंश सोडा. बीटा पट्टा किंवा हेलिक्स मधेच कापू नका. कडेला उघडे जलविरोधी अंश आले, तर थोडे पुढेमागे सरका. प्रत्येक डोमेनसाठी दोन सुरुवाती आणि दोन शेवट धरून चार रचना एकदमच बनवा. एक-एक करून बघण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

मॉडेलमध्ये दोन डोमेन्स शेजारी दिसतात म्हणून ती एकमेकांना चिकटलेली आहेत असे समजू नका. त्यासाठी पीएईचा (अंशांच्या परस्पर जागांमधल्या अपेक्षित चुकीचा) आलेख बघा. दोन डोमेन्सच्या मधल्या चौकोनात चूक मोठी असेल, तर त्यांची परस्पर मांडणी चित्रापुरती आहे.

सीएचची जोडी, एफईआरएमच्या तीन पाळ्या आणि लागोपाठचे स्पेक्ट्रिन रिपीट सुटे करू नका. एफईआरएम सुमारे ३०० अंशांचे आहे. त्यातली एकच पाळी क्लोन केली तर ती बहुधा चिकट गोळा होऊन बसते. स्पेक्ट्रिन रिपीटमध्ये एका रिपीटची शेवटची हेलिक्स पुढच्याच्या पहिलीत सरळ जाते, त्यामुळे सीमा नेहमी पूर्ण रिपीटवर ठेवा.

चिकटते का: पुल-डाउन

एसएच२ आणि एसएच३ साठी जीएसटी जोडून केलेला पुल-डाउन (डोमेनला जीएसटी हे प्रथिन जोडून मण्यांवर अडकवायचे आणि त्याला चिकटणारी प्रथिने ओढून काढायची) हा अजूनही सगळ्यांत सोपा मार्ग. नमुना म्हणून जीआरबी२ चे एसएच२ (अंश ६० ते १५२) घ्या. त्याचे उत्तर आधीच माहीत असल्याने पद्धत जुळली की नाही ते लगेच कळते.

पीजीईएक्स प्लास्मिड बीएल२१ मध्ये घाला. १ लिटर एलबी ३७ अंश सेल्सिअसवर ओडी (गढूळपणाचे माप) ०.६ पर्यंत वाढवा, १८ अंशांवर आणा, थंड झाल्यावरच ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिननिर्मितीला प्रेरणा देणारे रसायन) द्या आणि १६ तास ठेवा. पेशी २५ मिलिलिटर बफरमध्ये फोडा: ५० मिलिमोलर ट्रिस (सामू, म्हणजे pH, ७.५), १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, १ मिलिमोलर डीटीटी, १ मिलिमोलर पीएमएसएफ. सोनिकेशन बर्फावर, १० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद. फेस आला, की प्रथिन बिघडायला लागले असे समजा. गाळ काढून वरचे द्रव ग्लुटाथायोन बीड्सबरोबर ४ अंशांवर किमान एक तास फिरवा. थंडीत जीएसटी हळू चिकटते, दहा मिनिटांत उरकू नका.

जेलवर जीएसटी २६ किलोडाल्टनला, जीएसटी-एसएच२ सुमारे ३७ ला आणि जीएसटी-एसएच३ सुमारे ३३ ला दिसते. जोडलेल्या प्रथिनाखाली २६ ला जाड पट्टी असेल, तर डोमेन जिवाणूतच तुटते आहे. प्रेरणेचा वेळ कमी करा किंवा कडा बदला.

आता पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचे द्रव). रात्रभर सीरमविना ठेवलेल्या ए४३१ किंवा हेला पेशींना १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफ (वाढीचा संदेश देणारे प्रथिन) ५ मिनिटे द्या, थंड बफरने धुऊन लगेच फोडा. इथे बफर बदलतो, आणि सगळ्यांत जास्त प्रयोग इथेच वाया जातात. टायरोसीनवरचा फॉस्फेट टिकवायला ऑर्थोव्हॅनाडेट घालायचे असते, पण ईडीटीए त्याला बांधून टाकते आणि डीटीटी त्याचे क्षपण करते. जीवाणूंसाठीचाच बफर पेशींना वापरला, तर १ मिलिमोलर व्हॅनाडेट घालूनही फॉस्फेट उडून जातो आणि एसएच२ कशालाच धरत नाही. पेशींच्या बफरमधून ही दोन्ही वगळा. १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट, १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि प्रोटिएज निरोधक घाला. निरोधकांची गोळी ईडीटीए-मुक्त आहे ना, तेही वाचा. बीड्सही या बफरने दोनदा धुऊन घ्या, म्हणजे मागचे डीटीटी सोबत येणार नाही.

व्हॅनाडेट सक्रिय केलेले हवे. २०० मिलिमोलर द्रावण करा, सामू १० वर आणा. आम्ल घातल्यावर ते पिवळे होते. रंग जाईपर्यंत उकळा, थंड करा, सामू पुन्हा १० करा. द्रावण सामू १० वर रंगहीन राहीपर्यंत हेच करत राहा, मग छोट्या नळ्यांत भरून गोठवा.

२० मायक्रोलिटर बीड्सवर १० ते २० मायक्रोग्रॅम जीएसटी-एसएच२ घ्या, ५०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम लायसेट घाला, ४ अंशांवर १ ते २ तास फिरवा. तीन वेळा धुवा, पण सगळे धुणे दहा मिनिटांत संपवा. एसएच३ ची पकड सहसा १ ते १०० मायक्रोमोलर या पट्ट्यातली असते. रेंगाळत पाच-सहा वेळा धुतले, की खरा जोडीदारही निघून जातो. सगळे जमले असेल तर ईजीएफ दिलेल्या लायसेटमधून सुमारे १७० किलोडाल्टनला ईजीएफ ग्राहक आणि ४६, ५२ व ६६ ला शसी या जोडणाऱ्या प्रथिनाचे तीन प्रकार येतात. ईजीएफ न दिलेल्यातून ग्राहक येत नाही. एसएच३ ची पद्धत तपासायला जीआरबी२ चे पहिले एसएच३ आणि एसओएस१ ही जोडी वापरा. तिला फॉस्फेट लागत नाही.

नियंत्रणे दोन हवीत. फक्त जीएसटी आणि मोक्याचा अंश मोडलेले डोमेन: एसएच२ साठी आर्जिनीन ८६ चा लायसीन, एसएच३ साठी ट्रिप्टोफॅन ३६ चा लायसीन. नुसते जीएसटी पुरेसे नाही, कारण ते डोमेनच्या पृष्ठभागाला सहज चिकटणाऱ्या प्रथिनांबद्दल काहीच सांगत नाही. मोडलेले डोमेन विरघळणारे आणि तितक्याच प्रमाणात आहे हे जेलवर दाखवा, नाहीतर ‘चिकटले नाही’ याचा अर्थ ‘घडी बिघडली’ असाही निघतो.

जीएसटी स्वतः जोडीने फिरते, त्यामुळे बीडवर पकड प्रत्यक्षापेक्षा घट्ट भासते. आकडा हवा असेल, तर जीएसटी कापून काढा आणि आयटीसी (उष्णतेतल्या बदलावरून पकड मोजणे) किंवा फ्लुओरेसन्स पोलरायझेशन वापरा.

बाकीची डोमेन्स, थोडक्यात

पीडीझेड जोडीदाराचे मोकळे कार्बॉक्सिल टोक धरते. जोडीदाराच्या त्या टोकाला जीएफपी लावले, तर चिकटणे संपलेच. टॅग नेहमी दुसऱ्या टोकाला.

लिमसाठी कोणत्याच बफरमध्ये ईडीटीए नको. वाढीच्या माध्यमात ५० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घाला.

सीएचच्या जोडीसाठी ॲक्टिन को-सेडिमेंटेशन करा, म्हणजे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूंसोबत तळाला जाते का ते बघा. तुमचे प्रथिन आधी एकटेच १,००,००० जी वर ३० मिनिटे फिरवून गोळे काढून टाका. ही पायरी गाळली, की ॲक्टिन नसतानाही तळाला प्रथिन येते आणि ते ‘चिकटले’ असे वाटते. नंतर वाढत्या प्रमाणात एफ-ॲक्टिन घेऊन तोच वेग द्या. वरचे द्रव आणि तळ सारख्याच आकारमानात जेलवर चढवा. ॲक्टिनशिवायची नळी प्रत्येक वेळी हवी. पकड कित्येकदा दहा मायक्रोमोलर आणि त्यापुढच्या घरात असते, त्यामुळे २ मायक्रोमोलर ॲक्टिनवर काही दिसले नाही म्हणून हात टेकू नका.

पीएचसाठी लिपिडचे ठिपके लावलेली पट्टी पहिली चाळणी म्हणून ठीक आहे, पण ती खोटे होकार खूप देते. लायपोसोमवर पुन्हा करा, आणि फॉस्फोलिपेज सी-डेल्टा१ चे पीएच फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल ४,५-बिसफॉस्फेटसाठी खात्रीचे नियंत्रण म्हणून सोबत चालवा.

एझ्रिनसारख्या प्रथिनात एफईआरएमला त्याच प्रथिनाचे शेपूट झाकून ठेवते. पूर्ण लांबीच्या प्रथिनाने नकार दिला, तर आधी सुटे एफईआरएम वापरून बघा.

पूर्ण प्रथिनात परत बसवताना

डोमेन कापून टाकून परिणाम बघणे सोपे असते आणि फसवेही. सार्कमध्ये एसएच२ स्वतःच्याच शेपटावरच्या फॉस्फोटायरोसीन ५३० ला धरते, एसएच३ हे एसएच२ आणि कायनेज यांच्या मधला दुवा धरते. दोन्ही मिळून कायनेज बंद ठेवतात. एसएच३ काढले की कायनेज खुले होते. त्यातून ‘एसएच३ नसताना क्रिया वाढली, म्हणजे हे एसएच३ एखाद्या निरोधक प्रथिनाला धरत होते’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा असू शकतो. आर्जिनीन १७८ बदलला तरी हीच पंचाईत होते: बाहेरच्या जोडीदाराशी नाते तुटते आणि आतले कुलूपही उघडते.

म्हणून एका अंशाचा बदल करा आणि सोबत कायनेजची क्रिया मोजा. क्रिया मूळ प्रथिनाइतकीच असेल, तर दिसलेला परिणाम जोडीदार सुटल्याचा मानता येतो. क्रिया वाढली असेल, तर कायनेज-निष्क्रिय पार्श्वभूमीवर तोच बदल पुन्हा करा (कोंबडीत लायसीन २९५, माणसात २९८) आणि प्रथिन पेशीत कुठे जाते एवढेच बघा. व्यक्त झालेल्या प्रथिनाचे प्रमाण पेशीतल्या मूळ प्रथिनाच्या जवळपास ठेवा. पुष्कळ जास्त झाले, की मायक्रोमोलर पकडीची डोमेन्स कोणालाही धरू लागतात.